विकल्याची हळहळ, शिकल्याचा भास

काही दिवसांपूर्वी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका सभागृहात गुंतवणुकीवर व्याख्यान होतं. श्रोते बहुतेक आमच्यासारखेच. पेन्शनीत निघालेले, दौलतगंज-जीवाजीगंजातल्या जुन्या घरांत वाढलेले, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी बोलणारे. व्याख्यात्यांनी सुरुवातीलाच विचारलं, ‘शेअर लवकर विकून पस्तावलेले इथे किती जण आहेत?’ जवळपास सगळे हात वर झाले. माझाही झाला. ते म्हणाले, ‘हा पस्तावाच तुमचा गुरू. तो एकच गोष्ट शिकवतो. चांगला शेअर विकायचा नसतो, कधीच नाही.’ सभागृहात टाळ्या पडल्या.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं आर्थिक नुकसान याच गुरूचं ऐकून झालेलं आहे. व्याख्याते अभ्यासू आहेत आणि त्यांचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. पण त्या सभागृहात निवृत्तीचा पैसा घेऊन बसलेली माणसं होती आणि ती हे वाक्य वहीत उतरवून घेत होती. म्हणून हा प्रतिवाद.

आधी त्यांचं म्हणणं नीट मांडतो. एक, शेअर बाजारात मोठी संपत्ती धरून ठेवणाऱ्यांनी कमावली, विकणाऱ्यांनी नाही. दोन, लवकर विकल्याचं दुःख सगळ्यांना होतं, त्याअर्थी लवकर विकणं ही सगळ्यांची चूक आहे. तीन, या दुःखातून धडा घ्यायचा तर पुन्हा विकायचं नाही. यातलं पहिलं विधान अर्धं खरं आहे, दुसरं चुकीचं आहे आणि तिसरं घातक आहे.

पहिल्या विधानासाठी त्यांनी आमच्याच गावचा दाखला दिला. देश स्वतंत्र झाल्यावर दहा दिवसांनी, २५ ऑगस्ट १९४७ रोजी, ग्वाल्हेर रेयॉन सिल्क मॅन्युफॅक्चरिंग या कंपनीची नोंदणी झाली. १९५४ साली ती नागद्याला कृत्रिम धाग्यात उतरली, १९८५ साली जावदला सिमेंटमध्ये. १९८६ साली तिने आपल्याच लांबलचक नावाची आद्याक्षरं जोडून ‘ग्रासिम’ हे नाव घेतलं. त्यातला ‘ग’ आजही ग्वाल्हेरचाच आहे. २००४ साली लार्सन अँड टुब्रोचा सिमेंट व्यवसाय तिच्या ताब्यात आला आणि त्यातून अल्ट्राटेक उभी राहिली. २०१० साली सिमेंटचा धंदा वेगळा झाला तेव्हा भागधारकांना त्याचे वेगळे शेअर मिळाले. २०१६ साली दहा रुपयांच्या एका शेअरचे दोन रुपयांचे पाच झाले. २०१७ साली दर पाच शेअरांमागे आदित्य बिर्ला कॅपिटलचे सात मिळाले. ज्याने एक कागद पेटीत ठेवला, त्याच्या हाती गठ्ठा आला. हे सगळं खरं आहे. बिर्लानगरच्या मागांवरून निघालेल्या या कंपनीचे शेअर ज्यांनी विकले त्यांना आज काय वाटत असेल, असं व्याख्यात्यांनी विचारलं तेव्हा सभागृह चूप झालं.

पण त्याच बिर्लानगरात आणखी एक गिरणी होती. त्याच बिर्ला उद्योग घराण्याची, वयाने कितीतरी मोठी, गावाला जास्त जवळची. जियाजीराव कॉटन मिल १९२१ साली सुरू झाली. तिच्या भोंग्यावर हजीऱ्यातल्या घरांची चूल पेटायची आणि घड्याळं जुळवली जायची. १९६० साली ‘या दोघींतली कोणती टिकेल’ असं गावाला विचारलं असतं, तर गावाने जुन्या मिलकडे बोट दाखवलं असतं, असं मला वाटतं. १९९२ साली ती बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या पैशांचा प्रश्न पुढे कित्येक वर्षं कोर्टात आणि निवडणुकीच्या सभांत घोळत राहिला. व्याख्यानात तिचं नाव आलं नाही. येणारही नव्हतं, कारण बुडालेल्या गिरणीचा शेअर वेळेवर विकून सुटलेला माणूस हात वर करत नाही. त्याला सांगण्यासारखं काही घडलेलंच नसतं. मोठा गठ्ठा झालेला कागद लोक दाखवतात, रद्दी झालेला कुणी दाखवत नाही. ‘धरून ठेवा’ हा धडा निम्मे साक्षीदार गैरहजर असताना दिलेला निकाल आहे.

ही एका गावाची गोष्ट नाही. हेंड्रिक बेसेंबाइंडर या अमेरिकन प्राध्यापकांनी १९२६पासूनचे तिथले सुमारे २६ हजार शेअर तपासून २०१८ साली जो निष्कर्ष छापला, तो डोळे उघडणारा आहे. सरकारी अल्पमुदतीच्या रोख्यांपेक्षा शेअर बाजाराने जी काही जास्तीची संपत्ती निर्माण केली, ती सगळी अवघ्या चार टक्के कंपन्यांनी. निम्म्याहून अधिक शेअरांनी आपल्या आयुष्यभरात त्या रोख्यांइतकंही दिलं नाही. म्हणजे डोळे मिटून कोणताही एक शेअर कायम धरून ठेवला, तर तो ग्रासिम निघण्यापेक्षा गिरणी निघण्याची शक्यता जास्त.

कुणी अमळनेरचं नाव घेईल. खानदेशातल्या त्या गावी १९४५ साली तेलाच्या कारखान्याने सुरुवात करणारी कंपनी पुढे विप्रो झाली आणि तिचे शेअर सांभाळून ठेवलेली सामान्य कुटुंबं श्रीमंत झाली. त्या कुटुंबांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांनी काय केलं ते नीट पाहू. कारखाना त्यांच्या डोळ्यांसमोर होता, मालकाची नियत त्यांना ठाऊक होती, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे त्या पैशावाचून त्यांचं अडत नव्हतं. २००० साली तंत्रज्ञान कंपन्यांचे भाव आकाशाला भिडून कोसळले, तेव्हाही ते स्वस्थ राहू शकले. ज्याच्या घरात त्याच वर्षी लग्न, दवाखाना किंवा फी होती, त्याला तो स्वस्थपणा परवडला नसता. जो पैसा अडलेला नाही त्याचा धीर, अडलेल्या पैशाच्या मालकाला शिकवून येत नाही.

दुसऱ्या विधानाकडे येतो. माझ्या मते खरा घोटाळा इथे आहे आणि तो शब्दांचा आहे. मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत. हळहळ आणि पश्चात्ताप. पीक काढून वेळेवर विकलं आणि आठवड्याने बाजारभाव चढला, तर शेतकरी हळहळतो. पण रागाच्या भरात उभं पीक विकून मोकळा झाला, तर त्याला पश्चात्ताप होतो. हळहळ जे घडलं त्याची असते. पश्चात्ताप आपण जे केलं त्याचा असतो. हळहळीला आपली चूक असावी लागत नाही, पश्चात्तापाला लागते. सभागृहात वर झालेले हात मोजताना व्याख्यात्यांनी हे दोन्ही एकाच पोत्यात भरले.

माझ्या घरची एक नोंद सांगतो. आमचे अण्णा सरकारी नोकर होते. लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत ते सगळे आर्थिक व्यवहार लिहायचे. १९८७च्या उन्हाळ्यातलं एक पान असं आहे. डावीकडे तारीख. मग ‘ग्वाल्हेर रेयॉन, ४० भाग विकले’. कंपनीने नाव बदलून वर्ष झालं होतं, पण अण्णांच्या वहीत ती शेवटपर्यंत ग्वाल्हेर रेयॉनच राहिली. त्यापुढे रक्कम, मग दलालाचं कमिशन, मग ट्रान्सफर डीडवर सही जुळली नाही म्हणून एकदा परत आलेल्या पाकिटाचा रजिस्टर्ड पोस्टाचा खर्च. आणि शेवटच्या रकान्यात, निळ्या शाईत, तीन शब्द. ‘मागच्या चौकाचं छत.’

इथल्या जुन्या घरांची छतं दगडी पटियांची. आमच्या मागच्या चौकातल्या खोलीत दोन पटियांच्या सांध्यातून पाणी यायचं आणि तिथेच आजीची खाट होती. जूनमध्ये खाट सरकवायची, ऑगस्टमध्ये पुन्हा सरकवायची, असं तीन पावसाळे चाललं होतं. त्या वर्षी छत झालं. आजी त्याखाली आणखी सहा पावसाळे कोरडी झोपली.

पुढे ग्रासिमचा भाव चढत गेला तसा घरात दर दिवाळीला एक हिशेब मांडला जाऊ लागला. काका एखाद्या लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला आकडेमोड करायचे. ते चाळीस भाग आज असते तर किती झाले असते, मग त्यावर मिळालेले हे शेअर, मग ते शेअर. आकडा दरवर्षी मोठा व्हायचा आणि सगळे अण्णांकडे बघायचे. अण्णा कधी वाद घालत नसत. ‘छत गळत होतं,’ एवढंच म्हणायचे.

काकांचा आकडा बरोबर होता. हिशेब चुकीचा होता. त्यात एका बाजूला न मिळालेले पैसे होते, दुसऱ्या बाजूला मिळालेलं छत नव्हतं. तीस वर्षं एकही शेअर न विकता राहायला किती आजारपणं, किती लग्नं आणि किती मंद्या पार कराव्या लागल्या असत्या, तेही नव्हतं. अण्णांना हळहळ वाटली असेल, नक्की वाटली असेल. पण त्यांना पश्चात्तापाचं कारण नव्हतं, कारण ज्या कारणासाठी शेअर घेतले होते त्याच कारणासाठी ते विकले गेले. अडीअडचणीला उपयोगी पडावेत म्हणून घेतले आणि अडचणीला विकले. यात शिकण्यासारखी चूक कुठे आहे? आणि चूकच नसेल, तर धडा कशाचा?

हा प्रश्न एका कुटुंबापुरता वाटू नये म्हणून ग्वाल्हेर दरबाराचं उदाहरण देतो. १९०७ साली टाटांनी पोलाद कारखान्यासाठी भारतीयांकडून भांडवल मागितलं, तेव्हा मुंबईतल्या त्यांच्या कचेरीपुढे गर्दी लोटली आणि तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार लोकांनी सोळा लाख तीस हजार पौंड उभे केले. पुढे खेळत्या भांडवलासाठी चार लाख पौंडांचे कर्जरोखे काढले गेले. ते सगळेच्या सगळे एकट्या माधवराव शिंदे महाराजांनी घेतले. या गोष्टीचा गावाला अभिमान आहे. पण कट्ट्यावर ती निघाली की कुणीतरी म्हणतंच, ‘रोख्यांऐवजी शेअर घेतले असते तर!’

तर काय झालं असतं ते पाहू. पहिल्या महायुद्धात टाटा स्टीलचे शेअर प्रचंड चढले. मग १९२०च्या दशकात मंदी आली. १९२४ साली कंपनी बंद पडायच्या बेताला आली आणि सर दोराबजी टाटांनी स्वतःची मालमत्ता, पत्नीच्या दागिन्यांसकट, इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून तिला वाचवलं. सामान्य भागधारकांनी त्यानंतर अनेक वर्षं लाभांश पाहिला नाही. कर्जरोख्याचा नियम वेगळा असतो. त्याचं व्याज आधी, भागधारकाचा लाभांश नंतर. ज्या तिजोरीतून पगार द्यायचे, धरणं आणि रेल्वे बांधायची, त्या तिजोरीला काय शोभतं हे महाराजांना कळत होतं. निर्णय योग्य होता की नाही, हे पैसा कशासाठी होता यावरून ठरतं. पन्नास वर्षांनंतरच्या भावावरून ते ठरवायचं म्हटलं, तर जगात एकही विक्री कधी योग्य ठरणार नाही.

आता व्याख्यात्यांच्या बाजूने जे बोलायला हवं ते बोलतो. लवकर विकण्याचा एक रोग खरोखर आहे आणि तो मोजलाही गेला आहे. हर्श शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन यांनी १९८५ साली दाखवलं की माणसं नफ्यातला शेअर घाईने विकतात आणि तोट्यातला कवटाळून बसतात. टेरन्स ओडीन यांनी १९९८ साली अमेरिकेतल्या दहा हजार खात्यांचे व्यवहार तपासले. लोकांनी विकलेले नफ्यातले शेअर पुढच्या वर्षभरात, न विकलेल्या तोट्यातल्या शेअरांपेक्षा सरासरी ३.४ टक्क्यांनी सरस ठरले होते. आपल्याकडे सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये जाहीर केलेला अभ्यास तर आणखी बोलका आहे. एप्रिल २०२१ ते डिसेंबर २०२३ या काळातल्या १४४ नव्या शेअर विक्रींत, भाव वीस टक्क्यांहून जास्त वर गेला तेव्हा वैयक्तिक गुंतवणूकदारांनी मिळालेल्या शेअरांपैकी किमतीने ६७.६ टक्के आठवड्याच्या आत विकले. भाव पडला तेव्हा विकले फक्त २३.३ टक्के.

हे आकडे नीट वाचा. लोक लवकर विकतात, एवढंच ते सांगत नाहीत. लोक चुकीचं लवकर विकतात आणि चुकीचं उशिरा विकतात, असं ते सांगतात. रोग एकच आहे, त्याची लक्षणं दोन. भाव खरेदीच्या वर की खाली, एवढं पाहून हात हलतो किंवा थिजतो. कंपनीत काय चाललंय याकडे लक्षच नसतं. अशा रोग्याला ‘कधीच विकू नका’ हे औषध दिलं, तर पहिलं लक्षण झाकलं जाईल आणि दुसरं जिवावर बेतेल.

माझ्यावर बेतलं. २००४ साली एका औषध कंपनीचे शेअर दुप्पट होताच मी विकले. पैशाची गरज नव्हती. नफा हातचा जाईल या भीतीने विकले, आणि ते पाच वर्षांत कितीतरी पट झाले. त्याचा मला खराखुरा पश्चात्ताप झाला आणि तो योग्य होता. पण त्यातून मी काय शिकलो? ‘आता विकायचं नाही.’ २००७ साली रस्ते-पूल बांधणाऱ्या एका कंपनीत मी मोठी रक्कम घातली. जानेवारी २००८ नंतर बाजार पडला, तिचा शेअर निम्मा झाला. मी म्हटलं, मागची चूक करायची नाही. बाजार सावरला, ती सावरली नाही. कर्ज वाढत होतं. प्रवर्तकांनी आपले शेअर गहाण टाकले, तेही कळलं. हिशेबतपासनीस मुदतीआधी सोडून गेले, ते मी वर्तमानपत्रात स्वतः वाचलं. वाचून घडी घातली आणि चहा घेतला. प्रत्येक वेळी औषध कंपनी आठवायची आणि हात थांबायचा. शेवटी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि माझ्या शेअरांची किंमत शून्य झाली. तो पैसा मुलीच्या शिक्षणासाठी होता. तिने शैक्षणिक कर्ज काढलं आणि नोकरीची पहिली पाच वर्षं ते फेडलं. तिने मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. त्यामुळेच मला हे लिहिणं भाग आहे.

लवकर विकून मी फक्त मिळू शकणारा नफा गमावला होता. न विकून मी मिळवलेलं गमावलं. पहिली गोष्ट मी जिथे-तिथे बोलून दाखवत होतो. दुसरी गोष्ट मी घराबाहेर आज पहिल्यांदा सांगतोय. म्हणूनच म्हणतो की सभागृहातल्या हातांवरून काही सिद्ध होत नाही. ‘न विकून किती जण बुडाले’ असं विचारलं असतं तर हात वर यायला जास्त धीर लागला असता, पण तेही आले असते.

हळहळीला गुरू केलं की ती आणखी दोन गोष्टी करवते. पहिली, ती माणसाला चढ्या भावाने परत ओढते. १७२० साली लंडनमध्ये साउथ सी कंपनीची लाट आली तेव्हा आयझॅक न्यूटन यांनी चांगल्या नफ्यात शेअर विकले होते. भाव चढतच राहिला. त्यांनी उन्हाळ्यात कितीतरी जास्त भावाने पुन्हा खरेदी केली आणि लाट फुटली. त्यांचं नुकसान वीस हजार पौंडांच्या घरात गेल्याचं सांगतात. ग्रहांच्या गती मांडणाऱ्या माणसाची ही कथा, तर आमची काय! दुसरी गोष्ट अगदी उलटी. मिकाल स्ट्राहिलेविट्झ, ओडीन आणि ब्रॅड बार्बर यांनी २०११ साली दाखवलं की विकल्यावर वर गेलेला शेअर लोक सहसा परत घेत नाहीत. तो घेणं म्हणजे आपली चूक स्वतःच्या हाताने लिहून देणं, असं त्यांना वाटतं. म्हणजे हळहळ कुणाला घाईने परत ढकलते, कुणाला दारात अडवते. दोन्ही वेळा कंपनी कशी आहे हा प्रश्न बाजूलाच राहतो. असा गुरू काय कामाचा?

मग शिकायचं कसं? वॉरन बफेट यांचं उदाहरण पुरेसं आहे, कारण त्यांनी ते स्वतः भागधारकांना लिहिलेल्या पत्रात आकड्यांनिशी मांडलं आहे. १९५१ साली, विशीत असताना, त्यांनी गायको या विमा कंपनीत १०,२८२ डॉलर घातले. १९५२ साली ते शेअर १५,२५९ डॉलरला विकले आणि दुसऱ्या, त्यांना स्वस्त वाटलेल्या विमा कंपनीत पैसे टाकले. विकलेल्या शेअरांची किंमत पुढच्या वीस वर्षांत सुमारे तेरा लाख डॉलर झाली. त्यांनी यातून धडा काढला, पण तो ‘कधीच विकू नये’ असा नव्हता. जो धंदा उत्तम असल्याचं आपल्याला नीट ओळखता आलं आहे, त्यातला वाटा विकणं शहाणपणाचं नाही, असा तो होता. किती नेमकं आहे हे! आणि पुढचं पाहा. हीच गायको १९७२ साली ६१ डॉलरला होती, ती १९७६ साली दोन डॉलरवर येऊन दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली. आंधळेपणाने धरून बसलेल्यांनी ते सगळं सोसलं. बफेट त्याच वर्षी, धंद्याचा पाया शाबूत आहे आणि नवा प्रमुख तो सावरू शकतो असं पाहून, पुन्हा आत शिरले. चोवीस वर्षांपूर्वी विकल्याच्या हळहळीने त्यांना घाईने ओढलंही नाही आणि अडवलंही नाही. याला शिकणं म्हणतात.

मी आता अण्णांसारखी वही ठेवतो. शेअर घेताना कशासाठी घेतला आणि काय घडलं तर विकीन, ही दोन वाक्यं लिहितो. विकताना कारण लिहितो आणि ते तीनपैकी कुठलं ते ठरवतो. गरज, भीती की निर्णय. गरजेपोटी विकलं असेल तर ती नोंद मी पुन्हा उघडत नाही. भाव कितीही वर जावो, तो माझा राहिलेला नाही. निर्णयाने विकलं असेल, म्हणजे कंपनी बिघडतेय किंवा भाव अवाच्या सवा झालाय असं ठरवून, तर वर्षाने उघडतो आणि माझा अंदाज बरोबर होता का, एवढंच तपासतो. भाव वर गेला तरी अंदाज बरोबर असू शकतो आणि भाव पडला तरी चूक असू शकतो. भीतीने विकलं असेल, तर मात्र स्वतःला सोडत नाही. त्या एका प्रकारातच पश्चात्ताप आहे आणि शिकायचं आहे तेही तिथेच.

आणि न विकलेल्या शेअरांसाठी दर दिवाळीला स्वतःला एक प्रश्न विचारतो. आज हा शेअर माझ्याकडे नसता आणि तेवढी रोकड हातात असती, तर मी तो आजच्या भावाला घेतला असता का? उत्तर ‘नाही’ आलं, तर तो मी धरून ठेवलेला नसतो, विसरलेला असतो. विसरणं म्हणजे धीर नव्हे. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही तर ते शेअर कायद्याने सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा होतात आणि ते सोडवायला वारसांना कागदांच्या चळती घेऊन खेटे घालावे लागतात. ‘कधीच विकू नका’ याचा शेवट कित्येक घरांत इथे झाला आहे.

परवा माझ्या भाच्याचा फोन आला. नव्या शेअर विक्रीत मिळालेले शेअर त्याने तिसऱ्या दिवशी विकले होते आणि भाव आणखी वर गेला होता. ‘मामा, चूक झाली का रे माझी?’ मी विचारलं, का विकलेस? तो जरा थांबला. मग म्हणाला, ‘वर गेला होता म्हणून.’ आणि घेतला कशासाठी होतास? यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, चूक विकण्यात झालेली नाही. ती आधीच, घेताना झाली आहे. फोन ठेवायच्या आधी त्याने वही कुठे मिळते ते विचारलं.

व्याख्याते महोदय, तुमचा प्रश्न चुकीचा नव्हता. तो अपुरा होता. पुढच्या वेळी हात वर आले की तिथे थांबू नका. लगेच दुसरा प्रश्न विचारा, ‘का विकले होते?’ कुणी सांगेल मुलाची फी होती, कुणी सांगेल छत गळत होतं. त्यांना सन्मानाने हात खाली घ्यायला सांगा, त्यांची काही चूक नाही. काहींना कारण आठवणारच नाही. त्यांचे हात हवेत राहतील. त्यांच्यापासून शिकवायला सुरुवात करा.